स्वस्त चित्रं रंगवली कोणी?

(एपिसोडचा मजकूर. बोलताना मी जेवढ्या वेळा 'म्हणजे' म्हणतो त्यातले निम्मे काढलेत. बाकी तसंच आहे.)

हेडफोन घालून सिटी बसमध्ये लटकलेले, हॉस्टेलवर पडल्या पडल्या ऐकणारे, भांडी घासता घासता ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. एआय शेवटी शेवटी येतो, त्याला काही इलाज नाही. पण सुरुवात आपल्या औरंगपुऱ्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून.

झालं असं. ताई सिडकोत राहते. रविवारी रात्री साडेआठला तिचा फोन. भाचीला आत्ता आठवलंय की उद्या प्रकल्प वही द्यायची आहे. विषय 'आपले मदतनीस'. हे वाक्य ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आला, ते सगळे माझे भाऊबंद. मी गाडी काढली. दुकानदार काका शटर अर्ध्यावर ओढून हिशोब करत होते. त्यांना नुसतं 'मदतनीस' एवढंच म्हटलं. त्यांनी वर न बघता हात मागे नेला आणि कागद काढून दिला. दहा रुपये.

तो कागद तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. एका पानावर चोवीस चौकटी. शिंपी, सुतार, पोस्टमन, डॉक्टर, सफाई कामगार, पोलीस. प्रत्येकाखाली नाव. कात्रीनं कापायचं आणि वहीत चिकटवायचं. मी कापत होतो, भाची फेविकॉल लावत होती. पोस्टमनच्या शर्टाचा खाकी रंग रेषेबाहेर सरकून त्याच्या कानावर आला होता. भाची म्हणाली, "मामा, हे कुणी रंगवलं? बाहेर गेलंय."

मी कागद उलटसुलट करून पाहिला. खाली एक नंबर होता आणि किंमत. नाव कुणाचंच नाही. चोवीस मदतनीस आहेत, पण चित्र काढणारा त्यात नाही.

रात्री घरी येऊन मी शोधायला बसलो. सकाळी स्टँडअप कॉल होता, तरी तीन वाजले. ते जे सापडलं, ते आज सांगतो.

तर मंडळी, या दहा रुपयांच्या कागदाचे पणजोबा युरोपात आहेत. फ्रान्समध्ये एपिनाल नावाचं गाव आहे. तिथं पेलेरँ नावाच्या माणसानं १७९६ साली चित्रं छापायचा कारखाना काढला. आधी देवाधर्माची, मग नेपोलियनच्या लढायांची आणि पुढे मोठ्या प्रमाणावर मुलांसाठीची चित्रं. कागदाचे सैनिक कापून उभे करायचे. एका पानावर चौकटी-चौकटीत परीकथा, खाली दोन-दोन ओळींचा मजकूर. जर्मनीत बर्लिनच्या वरच्या अंगाला नॉयरुपिन म्हणून छोटं गाव आहे, तिथले तीन कारखाने हेच करायचे. त्या तिघांनी मिळून वीस हजारांहून जास्त वेगवेगळी चित्रं काढली. म्युनिकमध्ये १८४८ पासून निघणाऱ्या चित्रपानांत तर विल्हेल्म बुश नावाचा चित्रकार काम करायचा. आज आपण ज्याला कॉमिक म्हणतो, त्याच्या आजोबांमध्ये त्याचं नाव घेतात. हे कागद फेरीवाले खेड्यापाड्यांत नेऊन विकायचे, पुस्तक घेणं ज्याला परवडत नाही त्याला.

एवढं स्वस्त कसं पडायचं? पहिलं कारण दगड. खरंच दगड. आलॉइस झेनेफेल्डर नावाच्या माणसानं १७९० च्या दशकाच्या शेवटी शिळाछापाची युक्ती काढली. त्याला लिथोग्राफी म्हणतात. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर चरबीयुक्त शाईनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथं चरबी आहे तिथं पाणी बसत नाही, आणि जिथं पाणी आहे तिथं छपाईची शाई बसत नाही. वर कागद दाबला की चित्र तयार. लाकूड कोरायला नको, तांब्यावर ओरखडायला नको. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, आठवीच्या विज्ञानातली गोष्ट. त्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला.

पण यातून फक्त काळी रेघ निघते. रंगाचं काय? दगडानं रंग छापायचा तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि तो महाग. म्हणून स्वस्त कागदांवर रंग हातानं लावायचे. एपिनालला, नॉयरुपिनला जाड कागदाचे साचे असायचे. आपण रांगोळीचे छाप वापरतो तसे. साचा ठेवायचा, ब्रश फिरवायचा, पुढचा कागद. लाल झाला की निळ्याचा साचा. आता पोस्टमनचा कान आठवा. साचा केसभर सरकला की रंग कानावर.

आणि हा ब्रश फिरवायचं कोण? नॉयरुपिनमध्ये बायका आणि मुलं. इंग्लंडमध्ये मुलांच्या पुस्तकांची चित्रंही अशीच रंगवली जायची. अँड्र्यू ट्यूअर नावाच्या एका लंडनच्या प्रकाशकानं १८९० च्या दशकात जुन्या बालपुस्तकांवर लिहिताना याचं वर्णन केलंय. टेबलाभोवती बारा-चौदा वर्षांची, फार तर थोडी मोठी पोरं बसलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात एकच रंग. एक पोरगा सगळ्या पानांवर फक्त लाल लावणार आणि गठ्ठा पुढे सरकवणार. दुसरा फक्त हिरवा. असेंब्ली लाइन. फोर्डची मोटार येण्याच्या कितीतरी आधी.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवला. म्हणजे एका पोराच्या हातात रंगीत चित्र पडावं, ते त्याच्या आईबापाला परवडावं, म्हणून दुसरं पोर दिवसभर लाल रंग लावत बसायचं. त्याला त्या चित्रातली गोष्ट वाचता येत होती का? कदाचित त्याच्या वाट्याला फक्त टोपी यायची. हजार कागदांवर हजार टोप्या.

बरं, आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्या भागात चित्र आधी गाण्याबरोबर यायचं. आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर पैठण. 'पैठणची चित्रं' म्हणून ओळखला जाणारा चित्रकथीचा जो मोठा संग्रह आहे, त्यातला बराचसा पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलाय. पुण्याला गेलात तर बघा, आणि आपलं गाव म्हणून जरा जास्त वेळ थांबा. रामायण-महाभारतातले प्रसंग, मोठाले डोळे, ताणलेली धनुष्यं. चित्रकथी गाणं म्हणत एकेक पान पुढे करायचा. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले लोक आजही हे करतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथं चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. पण ती पोथी चित्रकथीची. रात्र संपली की तो ती बांधून पुढच्या गावी जाणार. पोरानं फक्त बघायचं, चित्र त्याचं नाही.

छापखाना आला तेव्हा हे बदललं. आणि छापखान्याची आपली कहाणी भारी आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी म्हणून गृहस्थ होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले, १८३१ मध्ये स्वतःचा शिळाप्रेस काढला, पुढे पंचांग छापलं. आता अडचण बघा. शिळाछापाच्या शाईत चरबी लागते. चरबीच्या शाईनं छापलेलं पंचांग देवघरात कोण ठेवणार? असं सांगतात की त्यांनी तुपाची शाई केली. मला हा किस्सा जाम आवडतो. लोकांची तक्रार आली, तर यानं लोकांना अडाणी म्हटलं नाही, प्रॉडक्ट बदललं.

मुलांसाठी म्हणाल तर मराठीत छापील पुस्तक फार लवकर आलं, आणि तेही महाराष्ट्रात नाही. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' छापलं, इसापाच्या गोष्टींचं. पण चित्र पोरांच्या घरात शिरलं ते मुख्यतः दोन दारांनी. एक मासिक, दुसरी भिंत.

भिंत आधी घेऊ. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी बाळकृष्णपंत जोशी वगैरे मंडळींबरोबर चित्रशाळा काढली. 'निबंधमाला'वाले चिपळूणकर, केसरीच्या सुरुवातीला होते तेच. तेव्हा ते सरकारी शाळेत मास्तर होते. मास्तर माणसाला पक्कं माहीत असणार की धडा विसरतात, चित्र विसरत नाहीत. चित्रशाळेनं रंगीत शिळाछापाची चित्रं काढली. रामपंचायतन, शिवाजी महाराज, नाना फडणीस. चिपळूणकर १८८२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षीच गेले. पण चित्रशाळा चालली. वासुकाका जोशींनी ती वाढवली, १९१० पासून 'चित्रमय जगत्' मासिकही काढलं.

या चित्रांवर 'मुलांसाठी' असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण घरात चित्राकडे सगळ्यात जास्त वेळ कोण बघतं? आजारी पडलेलं पोर. दुपारी झोप येत नसलेलं पोर. नाना फडणीस कसे दिसायचे, हे पोरं पुस्तकातून नाही, भिंतीवरून शिकली. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं मुंबईत प्रेस काढला, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून. एकेका चित्राला कितीतरी दगड. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. नंतर तो प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळके तिथं काम करून आले आणि मग सिनेमाकडे वळले. १९७२ च्या आगीत तिथलं बरंच काही जळालं. रविवर्म्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत, तुम्ही पाहिलेही असतील, म्हणून मी पुढे जातो. मला खरं दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय.

जावजी दादाजी. जन्म १८३९, मुंबई. घरची गरिबी. दहाएक वर्षांचे असताना अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. काम काय? टाइप घासायचं. ओतलेल्या शिशाच्या अक्षरांच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. दिवसभर. ज्या वयात पोरं अक्षरं गिरवतात, त्या वयात हा पोरगा अक्षरं घासत होता, पगारासाठी.

हाच मुलगा पुढे टाइपातला बाप माणूस झाला. १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कापायला त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू. आरूंचं नाव आज कुणी घेत नाही, पण निर्णयसागरचं जे सुंदर देवनागरी वळण आहे त्यामागे त्यांचा हात. तुमच्या फोनमध्ये देवनागरीचे जे फॉन्ट आहेत, त्यांच्या डिझायनर लोकांना विचारा, निर्णयसागर म्हटलं की कान टवकारतात.

आणि याच जावजींच्या पाठबळावर १८८१ च्या जानेवारीत 'बालबोध' निघालं. मुलांचं मासिक. त्याआधी १८७३ पासून अमेरिकन मिशनचं 'बालबोधमेवा' होतंच, सचित्र. 'बालबोध'चे संपादक विनायक कोंडदेव ओक. या माणसाचा आकडा ऐका. प्रत्येक अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय लेख. अशी ४०२ चरित्रं, ४०२ कविता, ४०२ निबंध आणि ४०२ शास्त्रीय लेख, शिवाय इतर आठशेच्या वर. साडेतेहतीस वर्षं, महिना न चुकता. मी हा पॉडकास्ट महिन्यातून दोनदा काढीन म्हणालो होतो. तुम्हाला माहितीये काय झालं ते.

आता तेच १८८१ साल दुसऱ्या बाजूनं बघा. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा केला. त्यात मुलांसाठी काय होतं? सात वर्षांच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांच्या वर काम घ्यायचं नाही. हो, नऊ तास, आणि ही सुधारणा होती! शिवाय हा कायदा फक्त शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या, यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यांना. छोटे कारखाने त्याच्या बाहेरच. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांसाठी भांडत होते, त्यानंतर १८९१ मध्ये किमान वय सातावरून नऊवर गेलं आणि तास नवावरून सात झाले.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच मुंबईत, काही आठ वर्षांच्या पोरांच्या हातात 'बालबोध'चा पहिला अंक पडला आणि काही आठ वर्षांच्या पोरांना कायद्यानं सांगितलं की तुला आता नऊच तास. आणि अंकामागचा माणूस कोण, तर दहाव्या वर्षी टाइप घासणारा. जावजींना कधी छापखान्यात कुणी लहान पोरगा टाइप घासताना दिसला असेल तेव्हा काय वाटलं असेल? मला खूप वेळ हाच प्रश्न होता.

आता एआय. म्हटलं होतं ना, येतो.

काही काळापूर्वी मी एका कंपनीत पहिली-दुसरीच्या मुलांच्या शिकायच्या ॲपवर काम करत होतो. नाव नाही सांगणार. चित्र दाखवायचं, मुलानं मराठीत नाव ओळखायचं. त्यासाठी हजारो चित्रांना लेबल लागतात. हे काम बाहेर दिलेलं होतं, नगाप्रमाणे. कोण करतं, कुठं बसून करतं, आम्हाला माहीत नाही. आमच्याकडे फक्त आयडी यायचे. डब्ल्यू-०३, डब्ल्यू-११, असे.

तपासायची स्क्रिप्ट मी लिहिली होती. काही चित्रांची उत्तरं आम्ही आधीच ठरवलेली, ती बाकीच्यांत मिसळून टाकायची. पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली जुळली की पूर्ण बॅच रिजेक्ट. रिजेक्ट झालेल्या बॅचचे पैसे नाहीत. नियम माझा नव्हता, पण ती ओळ माझ्या हातानं टाइप केलेली आहे. चालवली, डॅशबोर्ड हिरवा-लाल झाला, मी चहाला गेलो.

दोनेक महिन्यांनी वेगळाच एक बग शोधताना मी डब्ल्यू-१७ ची लाल बॅच उघडली. एक्याण्णव टक्के. चुकलेली उत्तरं काय आहेत बघू म्हटलं. एका चित्राला लेबल होतं 'सूप'. आमचं उत्तर होतं 'टोपली'. मी चित्र उघडलं. सूपच होतं. धान्य पाखडायचं सूप. पुढचं, 'रांजण'. आमचं उत्तर 'माठ'. चित्रात कमरेएवढा रांजण, जमिनीत पुरलेला. 'केरसुणी', आमचं 'झाडू'. 'उखळ', आमचं उत्तर चक्क 'वाटी'.

आमची उत्तरं ऑफिसात बसून इंग्रजी यादीवरून भाषांतर केलेली होती. बास्केट म्हणजे टोपली, झालं. चित्रं नीट कुणी बघितलीच नव्हती. डब्ल्यू-१७ नं बघितली होती. कामाच्या वेळाही दिसत होत्या, रात्री अकरा ते दोन. घरातलं सगळं आवरून बसलेलं कुणीतरी. का कोण जाणे, माझ्या डोक्यात ती बाईच आहे. केरसुणी आणि झाडू यातला फरक रोज हातात धरणारी.

उत्तरं दुरुस्त करून स्क्रिप्ट परत चालवली. डब्ल्यू-१७ नव्याण्णव टक्के. सगळ्या आयडींमध्ये सगळ्यात वर. मी मेल टाकला की या बॅचचे पैसे द्यायला हवेत. उत्तर आलं की ते खातं बंद झालंय, ती व्यक्ती आता काम करत नाही, आणि तो विषय मधल्या एजन्सीचा आहे. मी अजून एक मेल टाकला. मग रिलीज आली. मग मी नोकरी बदलली. एवढंच. याच्यापुढे मी काही केलं नाही, आणि ते तुम्हाला सांगताना बरं वाटत नाहीये.

ॲपमध्ये मात्र सूप हे सूप आहे, रांजण हा रांजण आहे. तिनं लावलेली नावं आम्ही उत्तरपत्रिका म्हणून घेतली. पोरं त्यावरूनच शिकतायत. माझी भाचीसुद्धा.

चित्रांच्या नादात मागच्या आठवड्यात पैठणला आजीकडे गेलो. देवघरात रामपंचायतनाची एक जुनी तसबीर आहे, लहानपणापासून बघतोय. आजीला विचारून ती उतरवली, मागचे खिळे काढले. फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली एक बारीक ओळ निघाली. चित्रशाळा, पुणे. छापखान्याचं नाव आहे, बाकी कुणाचंच नाही. सीतेच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर गेलाय, साधारण दोन केस. आजी म्हणाली, "तसाच आहे तो, माझ्या सासूबाईंच्या वेळेपासनं."

तुमच्याही घरी, गावच्या वाड्यात अशी जुनी छापील चित्रं असतील. उतरवता आली तर उतरवा, पण कागद ठिसूळ असतो, ओला फडका अजिबात लावू नका. खालच्या पट्टीत काय लिहिलंय त्याचा फोटो पाठवा. चांगले फोटो आले तर पुढच्या वेळी सगळे दाखवीन. भाचीला प्रकल्पात दोन स्टार मिळाले. पोस्टमनचा कान बाईंना दिसला नाही.

आणि डब्ल्यू-१७, चुकून तुम्ही हे ऐकत असाल तर, तुमची बॅच बरोबर होती. माझा मेल आयडी खाली दिलेला आहे.

चला, भेटू.